कोण जगणार हे न सांगता चालणारा उत्क्रांतीचा प्रोग्राम

टेकडीवाला
शुक्रवार, रात्री ९:४२

पायथनमध्ये दीडेकशे ओळींचा एक प्रोग्राम लिहिलाय. पडद्यावर १०० बाय १०० घरांचं मैदान. दर टप्प्याला काही घरांत गवत उगवतं. कुठल्या घरांत, ते फासा ठरवतो. मैदानात किडे फिरतात. डाव्या कडेने बाहेर पडलेला किडा उजव्या कडेने आत येतो, त्यामुळे कोपऱ्यात अडकून मरायची भानगड नाही.

प्रत्येक किड्याकडे ऊर्जा नावाचा एक आकडा आणि तीन जनुकं. वेग, म्हणजे एका टप्प्यात किती घरं. वळण, म्हणजे दर टप्प्याला दिशा बदलायची शक्यता, ० ते १. आणि रंग. रंगाचा खाण्या-मरण्याशी काडीचा संबंध नाही. तो मुद्दाम ठेवलाय, त्याच्याकडे नंतर येतो.

सगळा जीव या चार ओळींत आहे (इथे मराठीत देतो):

ऊर्जा = ऊर्जा − (१ + वेग × वेग)
पायाखाली गवत असेल तर: ऊर्जा = ऊर्जा + ४०, गवत गायब
ऊर्जा ० च्या खाली गेली तर: किडा मेला
ऊर्जा २०० च्या वर गेली तर: एकाचे दोन, ऊर्जा निम्मी-निम्मी, वेग आणि वळण किंचित इकडेतिकडे, रंग जसाच्या तसा

आता यात 'लायक कोण' हे ठरवणारी ओळ शोधा. सापडणार नाही. उत्क्रांतीची नक्कल म्हणून जे प्रोग्राम दाखवतात त्यांतल्या बऱ्याच प्रोग्राममध्ये कुठेतरी एक परीक्षक बसलेला असतो: दर पिढीला प्रत्येकाला गुण देतो, वरचे ठेवतो, खालचे काढतो. इथे परीक्षक नाही, नुसता जमाखर्च आहे.

सुरुवातीला सगळ्यांचं वळण ०.५ च्या आसपास. किडे जागच्या जागी थरथरतात. काही हजार टप्प्यांनंतर सरासरी वळण घसरायला लागतं आणि किडे लांब लांब सरळ रेषेत चालायला लागतात. कारण उघड आहे: भरकटणारा किडा आपणच खाऊन संपवलेल्या घरांत परत परत जातो. हजार पावलं टाकून त्याला निम्मीसुद्धा नवी घरं बघायला मिळत नाहीत, पण प्रत्येक पावलाचा खर्च मात्र भरावाच लागतो.

मला जास्त आवडलं ते पुढचं. वळण शून्यावर जाऊन थांबत नाही, शून्याच्या थोडं वर रेंगाळतं. मैदानाच्या कडा एकमेकांना जोडलेल्या आहेत ना! अजिबात न वळणारा किडा त्याच त्या १०० घरांच्या ओळीत चकरा मारत बसतो. क्वचित एखादं वळण घेणारा ओळ बदलतो आणि जास्त खातो. हे मी कुठे लिहिलेलं नव्हतं, ते मैदानाच्या आकारातून आलं.

मैदानाच्या मध्यभागी १५ बाय १५ चा तुकडा घेऊन तिथे भरपूर गवत पेरलं तर त्या तुकड्यात वेगळीच जात टिकते: सतत वळणारी, गरगर फिरणारी, तुकडा न सोडणारी. बाहेर सरळमार्गी, आत गरगरे. ही कल्पना माझी नाही. कॅलिफोर्नियातल्या मायकेल पाल्मिटर नावाच्या शाळामास्तरांनी असा प्रोग्राम केला होता आणि ए. के. ड्यूडनी यांनी मे १९८९ च्या 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या सदरात तो जगभर पोचवला. तेव्हाच्या कॉम्प्युटरवर चालायचा, म्हणजे आज तुमच्या फोनवरही चालेल.

आता रंग. सुरुवातीला पाच रंगांचे किडे समसमान सोडतो. काही काळाने बघावं तर मैदानभर एकच रंग. एकदा निळा, पुढच्या वेळी पिवळा. पाच घराण्यांच्या वाडीत कुणाला मुलगे झाले, कुणाला नाही, असं होत होत बऱ्याच पिढ्यांनी एकच आडनाव उरावं, तसं. त्यात त्या आडनावाचा पराक्रम काहीच नसतो.

पण मैदान फक्त एकदाच बघणाऱ्या माणसाला काय दिसेल? दोन गोष्टी बदलल्या: वळण कमी झालं आणि सगळे निळे झाले. तो घरी जाऊन 'निळ्या रंगाचे फायदे' यावर अडीच पानं लिहील. मला चर्चा हवी आहे ती यावर. एखादा गुण पसरलाय एवढ्यावरून तो नैसर्गिक निवडीने, म्हणजे जगायला-वाढायला उपयोगी पडला म्हणून, पसरला असं म्हणता येत नाही, तर मग म्हणता कधी येतं?

---

चहाबाज
शुक्रवार, रात्री ९:५८

पयला! वाचतोय. कोडची लिंक टाका राव, वीकेंडला दुसरं काम नाही. वेगाचा वर्ग का घेतलाय? नुसता वेग चालला असता की.

---

टेकडीवाला
शुक्रवार, रात्री १०:०९

लिंक व्यनि (व्यक्तिगत निरोप) केली आहे, ज्यांना हवी त्यांनी सांगा.

वर्गाला कारण आहे. वेगाचं जनुक इकडेतिकडे सरकताना शून्याच्या खालीही जाऊ शकतं. खर्चात नुसता वेग धरला तर वेग उणे दोन असलेल्या किड्याला दर पावलाला खर्च व्हायच्या ऐवजी ऊर्जा मिळेल. उलटा चालेल आणि फुकट जगेल. नियमात फट ठेवली तर किडे ती शोधतातच.

---

चहाबाज
शुक्रवार, रात्री ११:३१

मुद्दाम करून बघितलं. :))) सुरुवातीला नेहमीसारखं, मग कुठूनतरी एक उलटा चालणारा निघाला आणि पाच मिनिटांत अख्खं मैदान उलट्या लोकांचं. गवताकडे कुणी ढुंकून बघेना. लॅपटॉपचा पंखा विमानासारखा ओरडायला लागला तेव्हा बंद केलं.

---

पेठेतला काका
शनिवार, सकाळी ७:१५

छान आहे, पण एक शंका. मैदान तुम्ही केलंत, गवत तुम्ही पेरलंत, २०० झाले की दोन व्हायचं हा नियमही तुमचाच. वर म्हणता परीक्षक नाही. अहो, पेपर काढणारा, तपासणारा आणि निकाल लावणारा एकच आहे की! यातून 'आपोआप' काय सिद्ध झालं? उलट, कुणीतरी करणारा लागतो हेच सिद्ध झालं म्हणा ना.

(सकाळी फिरून आल्यावर लिहितोय, तेव्हा भांडण नको. शंका आहे.)

---

टेकडीवाला
शनिवार, सकाळी ९:०२

काका, शंका रास्त आहे. नियम माझेच. माझं म्हणणं त्याहून लहान आहे: नियम करणाऱ्याने निकाल लिहिलेला नाही. 'थोडं वळण ठेवलं तर फायदा' हे माझ्या डोक्यातही नव्हतं.

दुसऱ्या टोकाचं उदाहरण बघा. १९८६ साली रिचर्ड डॉकिन्स यांनी दाखवलेला 'वीझल' नावाचा छोटा प्रोग्राम. २८ अक्षरांचं एक इंग्रजी वाक्य, प्रत्येक जागी २७ चिन्हांपैकी काहीही (२६ अक्षरं आणि मोकळी जागा). नुसत्या नशिबावर सोडलं तर शक्यता १ वर ४० शून्यांच्या घरात जातात, विश्वाचं वय पुरणार नाही. पण दर पिढीला ठरलेल्या वाक्याशी जास्त जुळणारी प्रत ठेवली की थोडक्या पिढ्यांत वाक्य तयार. साठत जाणारी निवड किती जोरकस असते हे त्यातून फार छान कळतं. पण त्यात उत्तर आधीच लिहिलेलं आहे, आणि तुमचा आक्षेप तिथे बरोबर लागतो. त्यांनी स्वतःच सांगितलंय की खरी उत्क्रांती अशी लांबचं लक्ष्य ठेवून चालत नाही.

---

शून्यशेष
शनिवार, सकाळी १०:४०

काकांच्या मुद्द्याला जोडून. थॉमस रे यांचा 'टिएरा' शोधून वाचा, १९९० च्या आसपासचा. त्यांनी ८० सूचनांचा एकच स्वतःची प्रत काढणारा प्रोग्राम कॉम्प्युटरच्या स्मृतीत सोडला. प्रत काढताना अधूनमधून चूक होईल एवढीच सोय ठेवली. काही वेळाने ४५ सूचनांचे बुटके दिसायला लागले. त्यांच्याकडे प्रत काढायचा भागच नव्हता, ते शेजाऱ्याचा वापरायचे. परजीवी! पुढे त्या परजीवींना दाद न देणारे यजमानही आले. मैदान रे यांचं, हे कबूल. पण परजीवी त्यांनी लिहिला नव्हता.

आता धागाकर्त्याच्या मूळ प्रश्नाकडे, आणि एक बोच. तुमचे किडे जोडीदाराशिवाय दुभंगतात. म्हणजे जनुकं गठ्ठ्याने पुढे जातात. समजा पहिल्यांदा कमी वळणाचा चांगला बदल एका निळ्या किड्यात झाला. त्याची पिल्लावळ वाढली की निळा रंगही तिच्याबरोबर वाढला, आयत्या बिळावरचा नागोबा. त्यामुळे तुमची रंगांची शर्यत निव्वळ योगायोगाची नाही. कुठला रंग जिंकेल ते नशीब. पण इतक्या लवकर जिंकतो, त्यात निवडीचा हात आहे.

निखळ योगायोग बघायचा तर वेग आणि वळणातला बदल बंद करा, सगळ्यांना तंतोतंत सारखी जनुकं द्या, फक्त रंग वेगळे ठेवा.

---

टेकडीवाला
शनिवार, दुपारी १२:२०

शून्यशेष, अगदी. याचसाठी बदल बंद करायचं बटण ठेवलंय. दोन्ही तऱ्हांनी चालवलं. बदल चालू असताना रंगांचा आलेख धक्क्याधक्क्याने जातो: एखादा रंग मधेच झपकन चढतो, कारण त्याच्या वंशात काहीतरी चांगलं घडलेलं असतं. बदल बंद केला की पाचही रेघा दारूड्यासारख्या वरखाली भेलकांडतात. जी तळाला टेकली ती संपली. शेवटी उरतो एकच रंग, पण त्याला कितीतरी जास्त वेळ लागतो. आणि हा वेळ किड्यांच्या संख्येवर ठरतो. गवत वाढवून किडे दुप्पट केले की सरासरी पिढ्याही दुप्पट लागतात.

सुरुवातीला निळे शंभरात साठ ठेवले तर शंभर फेऱ्यांत साधारण साठ वेळा निळे जिंकतात. जिंकण्याची शक्यता म्हणजे सुरुवातीचा वाटा. त्यापलीकडे काही नाही.

मूळ प्रश्नाचं माझं उत्तर यातूनच निघतं: फासे बदलून पुन्हा चालवा. वळण प्रत्येक वेळी खाली येतं, रंग दर वेळी वेगळा. जे पुन्हा पुन्हा त्याच दिशेला जातं त्याच्यामागे निवड असल्याचा संशय घ्यायला जागा आहे.

---

मिसळप्रेमी
शनिवार, दुपारी १२:४४

प्रोग्राम पुन्हा चालवता येतो. पृथ्वी कशी पुन्हा चालवणार? :)

---

फळमाशी
शनिवार, दुपारी ३:१०

मिसळप्रेमी, चेष्टेत का होईना, मुद्द्याचं बोललात. पृथ्वी नाही, पण बाटल्या पुन्हा चालवता येतात. (मी पाषाणच्या बाजूला एका प्रयोगशाळेत माश्या मोजते, म्हणून हे नाव.)

रिचर्ड लेन्स्की यांनी फेब्रुवारी १९८८ मध्ये ई. कोलाय जिवाणूच्या एकाच वाणापासून १२ बाटल्या सुरू केल्या. रोज थोडं नव्या बाटलीत, बाकीचं टाकून. अधूनमधून नमुने गोठवून ठेवलेले, म्हणजे पणजोबा आणि पणतू शेजारी शेजारी वाढवून शर्यत लावता येते. बाराही बाटल्यांत वाढीचा वेग वाढला. हे तुमच्या वळणासारखं. पण सायट्रेट (बाटलीतल्या द्रावणातच असलेलं, पण या जिवाणूला तिथे एरवी खाता न येणारं रसायन) खायची युक्ती एकाच बाटलीला साधली, तीही साधारण ३१,५०० पिढ्यांनंतर. गोठवलेले पूर्वज पुन्हा चालवले तेव्हा काही नंतरच्या पूर्वजांपासून ती परत निघाली, सुरुवातीच्यांपासून नाही. म्हणजे आधी काहीतरी पायाभरणी झालेली होती. बदलाला फायदा आहे, पण तो दर वेळी होईलच असं नाही. तुमच्या 'पुन्हा पुन्हा तीच दिशा' कसोटीत हे बसत नाही बघा. एकदाच घडलेली गोष्टसुद्धा निवडीने पसरलेली असू शकते.

त्याला गणितही आहे. आनुवंशशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२७ मध्ये दाखवलं की १ टक्का फायदा देणारा नवा बदल टिकून पसरण्याची शक्यता ढोबळमानाने २ टक्के. शंभर चांगल्या बदलांपैकी अठ्ठ्याण्णव पहिल्या काही पिढ्यांतच वाहून जातात, कारण ते ज्या एका किड्यात आले तो गवत न मिळून मेला. हाल्डेन १९५७ मध्ये इंग्लंड सोडून भारतात आले, आधी कोलकात्याच्या सांख्यिकी संस्थेत आणि शेवटी भुवनेश्वरला. १९६४ मध्ये तिथेच गेले. आपल्याकडे हे नाव अजून जास्त घेतलं जायला हवं असं मला वाटतं.

---

टेकडीवाला
शनिवार, दुपारी ४:०५

वा! मग एका फेरीवरून ठरवायचं तर?

---

फळमाशी
शनिवार, दुपारी ४:३७

मग निवड बंद करून काय झालं असतं ते आधी मोजायचं. तुमच्या प्रोग्रामात सोपं आहे: उपासमारीने मारण्याऐवजी चिठ्ठी टाकून मारा, चिठ्ठी टाकूनच दुभंगा, बाकी सगळं तसंच. अशा हजार फेऱ्यांत वळण किती भरकटतं त्याची एक पट्टी मिळेल. तुमची खरी फेरी त्या पट्टीच्या बाहेर गेली तर बोला. नाहीतर गप्प बसा. जपानचे आनुवंशशास्त्रज्ञ किमुरा यांनी १९६८ मध्ये रेणूंच्या पातळीवरचे बहुतेक बदल असे तटस्थ, म्हणजे ना फायद्याचे ना तोट्याचे, असतात असं मांडलं, तेव्हापासून 'आधी योगायोग, मग निवड' हा क्रम आमच्याकडे शिस्तीचा भाग आहे. टीव्हीवरच्या प्राण्यांच्या कार्यक्रमात मात्र प्रत्येक शेपटीला काहीतरी कारण लागतंच.

---

चहाबाज
शनिवार, संध्याकाळी ६:२०

अवांतर: साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पवनचक्क्या आणि सरड्यांचं प्रकरण पण हेच ना? कासला जाताना कुणीतरी सांगितलं होतं की पवनचक्क्यांमुळे सरडे 'उत्क्रांत' झाले.

---

फळमाशी
शनिवार, संध्याकाळी ७:०२

अभ्यास खरा आहे, २०१८ चा, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या लोकांचा. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी कमी, सरडे जास्त. सरडे माणूस जवळ येईपर्यंत पळत नाहीत, त्यांच्या शरीरातलं ताणाचं संप्रेरक कमी आणि नरांच्या गळ्याच्या पंख्याचे रंग फिके. पण 'उत्क्रांत झाले' असं त्यावरून म्हणता येत नाही. गर्दी वाढली, प्रत्येकाला खायला कमी, म्हणून याच आयुष्यात रंग फिका पडला असंही असेल. जनुकांत बदल झाला का, हा वेगळा प्रश्न. तुमच्या त्या कासच्या मित्राने उडी मारली.

---

विज्ञानवाल्या बाई
शनिवार, रात्री ८:४८

धागा आजच पाहिला. दहावीला शिकवते. राज्य मंडळाच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात 'आनुवंशिकता व उत्क्रांती' पहिलाच धडा आहे, त्यामुळे जूनमध्येच या विषयाशी गाठ पडते.

दरवर्षी उत्तरपत्रिकेत ठरलेलं वाक्य: 'उंच झाडाची पानं खाता यावीत म्हणून जिराफाची मान लांब झाली.' त्या 'म्हणून'वर लाल रेघ मारून हात दुखतो. मुलांना वाटतं, गरज पडली की शरीर ऐकतं. या प्रोग्राममध्ये एकही किडा जन्मल्यापासून मरेपर्यंत बदलत नाही, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. बदलते ती गर्दी.

एक मागणी आहे. प्रत्येक जन्माच्या वेळी पिल्लाचं वळण आईपेक्षा वाढलं की कमी झालं, एवढं बाजूला मोजून दाखवता येईल का? वाढलेली इतकी, कमी झालेली इतकी. मुलांना बघू दे.

आम्ही कॉम्प्युटरशिवाय एक खेळ घेतो: वर्तमानपत्राचं पान पसरायचं, त्यावर वर्तमानपत्राचेच आणि रंगीत कागदाचे सारखे तुकडे टाकायचे, मुलांनी दहा सेकंदांत दिसेल ते उचलायचं. उरलेल्यांची संख्या दुप्पट करून पुन्हा. तीन फेऱ्यांत रंगीत संपतात. पण त्यात नवा बदल येत नाही, आणि चौथ्या फेरीला मुलं भांडायला लागतात.

---

टेकडीवाला
शनिवार, रात्री १०:१५

बाई, टाकलं. उजवीकडे दोन आकडे दिसतील. माझ्या फेरीत सरासरी वळण ०.५ वरून ०.१ च्या खाली आलं, आणि जन्मांचे आकडे जवळजवळ बरोबरीत: जितकी पिल्लं आईपेक्षा जास्त वळणारी, तितकीच कमी वळणारी. बदलाला दिशा नाही, दिशा मरणाने दिली. तसाच दुसरा आकडा मरणाऱ्यांचाही दाखवलाय; तिथे जास्त वळणाऱ्यांचं पारडं स्पष्ट जड दिसतं.

---

पेठेतला काका
रविवार, सकाळी ७:३०

हे दोन आकडे शेजारी शेजारी हा प्रकार आवडला. करणाऱ्याचा प्रश्न मी सोडलेला नाही, पण तो या प्रोग्रामचा प्रश्न नव्हे हे मान्य.

बाई, केंद्राच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग काढला म्हणे. आपल्या बालभारतीने ठेवलाय हे बरं केलं. दिल्लीकरांना...

---

संपादक
रविवार, सकाळी ८:००

काकांच्या प्रतिसादातला शेवटचा भाग उडवला आहे. पाठ्यपुस्तकांच्या राजकारणासाठी वेगळा धागा चालू आहे, तिकडे लिहावं.

---

वऱ्हाडी ठेचा
रविवार, सकाळी ११:२६

मी वाकडला आयटीत, पण गाव यवतमाळकडचं, घरी कपाशी. धागा वाचताना डोक्यात एकच चाललं होतं: गुलाबी बोंडअळी.

बीटी कपाशीला (जिवाणूचं जनुक घातलेली, बोंडअळीला मारणारं विष झाडातच तयार करणारी) २००२ मध्ये परवानगी मिळाली, २००६ मध्ये दोन जनुकांचं वाण आलं. पहिल्या जनुकाला बोंडअळी दाद देत नाही हे गुजरातेतून २०१० मध्ये जाहीर झालं, आणि २०१७ ला आमच्याकडे जे झालं ते सगळ्यांनी पाहिलं. बोंड वरून चांगलं, फोडलं की आत अळी आणि सरकी पोखरलेली.

आता मजा अशी की ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमचं नॉन-बीटीचं पाकीट यायचं. शेताच्या कडेला लावा म्हणायचे, अळीला राहायला जागा ठेवा. आमच्या काकाने ते पाकीट कधी लावलं नाही. गावात कुणीच नाही. 'अळी पोसायले जमीन देऊ काय?' असं विचारायचे, आणि त्यांना पटेल असं उत्तर कंपनीच्या माणसाने कधी दिलं नाही. मीही नाही.

तुमच्या प्रोग्राममध्ये हे दाखवता येईल का? माझ्या मते जसा आहे तसा चालणार नाही, कारण तुमचे किडे जोडी लावत नाहीत. आणि त्या कडेच्या ओळींचा सगळा डाव जोडीवरच आहे.

---

शून्यशेष
रविवार, दुपारी १:०३

+१. बरोबर नस पकडली. जोडी नसेल तर कडेच्या ओळींचा उपयोग फारच कमी दिसेल.

---

टेकडीवाला
रविवार, रात्री १०:५०

ठेचाभाऊ, केलं. नवी फाइल आहे. अळीला प्रतिकाराच्या जनुकाच्या दोन प्रती, एक आईची, एक बापाची. बीटीच्या झाडावर दोन्ही प्रती प्रतिकाराच्या असतील तरच अळी जगते. एकच असेल तर मरते. नॉन-बीटीवर सगळ्या जगतात. पतंग झाल्यावर कुणीही कुणाशीही जोडी लावतो. सुरुवातीला शंभरातली एक प्रत प्रतिकाराची. प्रत्यक्षात ती याहून खूप दुर्मीळ धरतात. पडद्यावर पटकन दिसावं म्हणून मी वाढवली. तेव्हा पिढ्यांचे आकडे शेतात जसेच्या तसे नेऊ नका.

दहा हजार अळ्यांत दोन प्रतीवाली साधारण एक, एक प्रतीवाल्या जवळपास दोनशे.

नॉन-बीटी शून्य ठेवलं तर पहिल्या पिढीत जवळजवळ सगळ्या मरतात. आणि इथे एक चकवा आहे: एखादी वाचली तरी तिला जोडीदार नाही, म्हणून माझ्या छोट्या शेतात बऱ्याचदा बोंडअळीच नामशेष होते. बघणारा म्हणेल, कडेच्या ओळी हव्यात कशाला! पण राज्यात कपाशी सुमारे ४० लाख हेक्टरवर आहे. दहा लाख अळ्या घेऊन चालवलं की शंभरेक वाचतात, सगळ्या दोन प्रतीवाल्या. त्या एकमेकांशीच जोडी लावतात, पिल्लं सगळी पक्की, म्हणजे दोन प्रतीवालीच. बीटीचा खेळ पहिल्याच पिढीत खलास.

आता २० टक्के नॉन-बीटी. बीटीवर ८० वाचतात, नॉन-बीटीवर दोन लाख. त्या ८० जणांना जोडीदार बहुतेक साधाच मिळतो. पिल्लाला एकच प्रत, ते बीटीवर मरतं. प्रतिकाराच्या प्रतींचं प्रमाण एका पिढीत १ टक्क्यावरून फक्त १.०४ वर जातं. भडका उडायला, म्हणजे जिकडेतिकडे प्रतिकारवाल्याच अळ्या व्हायला, पंचवीस-तीस पिढ्या लागतात. नॉन-बीटी ५ टक्क्यांवर आणलं तर आठ-नऊ पिढ्यांत भडका.

'अळी पोसायले जमीन देऊ काय'चं उत्तर म्हणजे पडद्यावरचे हे ८० आणि दोन लाख. कडेला पोसलेली अळी वाचलेल्या पक्क्या अळीची सोयरीक बिघडवते.

---

फळमाशी
सोमवार, सकाळी ९:१२

सुंदर. दोन टिपा. एक, प्रत्यक्षात एक प्रतीवाली अळी अगदी शंभर टक्के मरत नाही, थोड्या जगतात; तो आकडा शून्यावरून जरा वर न्या आणि बघा भडका किती अलीकडे येतो. दुसरं, जोडी 'कुणीही कुणाशीही' लागते हे तेव्हाच खरं, जेव्हा दोन्हीकडचे पतंग एकाच वेळी बाहेर पडतात आणि तेवढं उडतात. नॉन-बीटी लावलं पण दहा दिवस उशिरा, तर डाव ढिला.

---

टेकडीवाला
सोमवार, रात्री ९:३३

पहिला आकडा घातला. एक प्रतीवाल्या शंभरातल्या पाच जगू दिल्या तर २० टक्के नॉन-बीटी असूनही भडका बराच अलीकडे येतो. कारण अशा अळ्या दोन प्रतीवाल्यांपेक्षा सुरुवातीला दोनशेपट आहेत, त्यामुळे त्यांना मिळालेली थोडीशी सूटही महागात पडते. उडण्याच्या अंतराचं अजून करायचंय.

---

वऱ्हाडी ठेचा
सोमवार, रात्री ११:०५

जबरदस्त. फरदडीचं काय? डिसेंबरनंतरही कपाशी उभी ठेवतात, पाणी देऊन अजून एक-दोन वेचे काढतात. अळीला तेवढ्या पिढ्या जास्त मिळतात.

---

टेकडीवाला
मंगळवार, सकाळी ८:२०

वरच्या पट्टीत 'हंगामाच्या पिढ्या' म्हणून आकडा आहे. तो चारावरून सहा करा. भडक्याला लागणाऱ्या पिढ्या तेवढ्याच राहतात, वर्षं मात्र कमी होतात.

---

वऱ्हाडी ठेचा
मंगळवार, रात्री १०:१८

चालवलं. दिवाळीला काकाला लॅपटॉपवर दाखवतो. दोन लाख आणि ८० त्याला लगेच समजेल, हिशेबाला पक्का आहे. पण फरदडीच्या पट्टीला हात लावला की तो एकच विचारेल: 'याच्यात कापसाचा भाव कुठी टाकाचा?'

---

टेकडीवाला
मंगळवार, रात्री १०:४०

भावाला जागा नाही ठेवलेली. हंगाम किती लांबवायचा हे सध्या मी ठरवतो. काकाला ठरवू द्यायचं तर वेच्याची मजुरी, पाण्याचा खर्च आणि जानेवारीतला भाव, हे तीन आकडे लागतील. काकाकडून घेऊन पाठव, मग फरदड ठेवायची की उपटायची तेही जमाखर्चावर सोडतो.